फायरवॉल राउटरसाठी बोर्ड निवडताना प्रोसेसर शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा: इंटेलच्या जे१९०० प्रोसेसरचा जुना मिनी-आयटीएक्स (लहान आकाराचा) बोर्ड पडून आहे. ४ जीबी रॅम, बोर्डावर रिअलटेकचा एकच नेटवर्क पोर्ट. लाइन फायबरची, ५०० एमबीपीएस, लॉगिन पीपीपीओईने (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडण्याची पद्धत). घरात दोन लॅपटॉप, फोन, टीव्ही, चार कॅमेरे आणि वायफायवरचे काही दिवे-प्लग. या बोर्डावर फायरवॉल राउटर करावा, की इंटेलच्याच एन१०० प्रोसेसरचा चार पोर्टवाला नवा बोर्ड घ्यावा? आणि घेतलाच तर बसवायचा कसा?

जुना बोर्ड चालेल, पण ओपनडब्ल्यूआरटीसारखी लिनक्सवरची राउटर सिस्टीम टाकणार असाल आणि इंटेलचं एक नेटवर्क कार्ड जोडणार असाल तरच. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या पायावरच्या ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स याच राउटर सिस्टीम हव्या असतील तर त्या बोर्डामागे रविवार घालवू नका, नवा घ्या. असं सांगण्याचं कारण प्रोसेसरची ताकद हे नाही; निदान जाहिरातीत लिहितात त्या अर्थाने तरी नाही.

राउटरला बाइट जड जात नाहीत, पॅकेट जड जातात. प्रत्येक पॅकेटमागे पत्ता बघणं, नियम बघणं, नॅटचा (घरच्या सगळ्या यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यावर चालवणाऱ्या सोयीचा) तक्ता बघणं हे काम तेवढंच, मग पॅकेट लहान असो की मोठं. गिगाबिटची लाइन पूर्ण आकाराच्या, म्हणजे १५०० बाइटच्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट होतात. तीच लाइन सर्वांत लहान फ्रेमने भरली तर १४ लाख ८८ हजार. घरातला बहुतेक ट्रॅफिक व्हिडिओ आणि डाउनलोडचा, म्हणजे मोठ्या पॅकेटांचा. ५०० एमबीपीएसला चाळीसेक हजार पॅकेट येतात, आणि एवढं २०१३ च्या जे१९०० ला सुद्धा पेलतं.

घोडं अडतं ते पीपीपीओईपाशी. आजची बरी नेटवर्क चिप आलेली पॅकेट तीन-चार रांगांत वाटते आणि प्रत्येक रांग प्रोसेसरच्या वेगळ्या कोअरकडे जाते. ही वाटणी आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक बघून होते. पीपीपीओईत आयपीचं पॅकेट आणखी एका पाकिटात बंद असतं आणि बहुतेक चिपना ते पाकीट उघडता येत नाही. मग सगळी पॅकेट एकाच रांगेत, एकाच कोअरच्या डोक्यावर. चार कोअरपैकी तीन हातावर हात ठेवून बसतात आणि डॅशबोर्ड सांगतो, सीपीयू फक्त २५ ते ३० टक्के वापरात. लोक तो आकडा बघून लाइनवाल्याला दोष देतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. असा संशय आला तर प्रत्येक कोअरचा वापर वेगवेगळा बघा. एक १०० टक्क्यांना चिकटलेला आणि बाकीचे रिकामे दिसले की निदान झालं.

फ्रीबीएसडीवरच्या दोन्ही सिस्टीमांत, म्हणजे पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये, हा त्रास जास्त जाणवतो. ओपीएनसेन्समध्ये ट्युनेबल्समध्ये जाऊन नेट-आयएसआर-डिस्पॅच हे मूल्य 'डिफर्ड' करतात, त्याने पुढचं काम दुसऱ्या कोअरकडे सरकतं आणि थोडा श्वास मिळतो. पीएफसेन्सच्या २.८ आवृत्तीत पीपीपीओईचा नवा ड्रायव्हर आला, तो वापरा. पण जे१९०० च्या एका कोअरवर ५०० एमबीपीएसची पीपीपीओई म्हणजे काठावरचा कारभार. लिनक्सवर मात्र हाच बोर्ड बराच मोकळा राहतो. एन१०० चा एक कोअर इतका पुढे आहे की कोणतीही सिस्टीम टाका, ५०० ला तो दमत नाही.

जे१९०० ची दुसरी उणीव: त्यात एईएस-एनआय, म्हणजे एईएस हे कूटलेखन झटपट करण्याची प्रोसेसरमधली सोय, नाही. २०१७ मध्ये पीएफसेन्सच्या पुढच्या आवृत्तीला ही सोय सक्तीची असेल असं जाहीर झालं होतं, नंतर ते मागे घेतलं गेलं; त्यामुळे सिस्टीम बसते. ओपनव्हीपीएन (व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याचा बंदिस्त मार्ग, देणारी सोय) मात्र एईएसवर चालवलं तर प्रोसेसर हाफतो. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनला याने काहीच फरक पडत नाही, कारण ते एईएस वापरतच नाही, चाचा२० हे वेगळं कूटलेखन वापरतं. त्यामुळे घरच्या व्हीपीएनसाठी वायरगार्ड घ्यायचं असेल, आणि घ्यावंच, तर हा मुद्दा बाद.

तिसरी गोष्ट जे१९०० ज्या पिढीचा, त्या बे ट्रेल पिढीची खोड. या पिढीचे प्रोसेसर लिनक्सवर गाढ सी-स्टेटमध्ये (प्रोसेसरच्या झोपेच्या पातळीत) गेले की कधी कधी अख्खी मशीन गोठायची. लॉगमध्ये एक ओळ सुद्धा सापडत नाही. लिनक्सच्या नव्या कर्नलमध्ये (गाभ्यात) डागडुजी झाली आहे, तरी राउटरसाठी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) सी-स्टेट सी१ पर्यंत मर्यादित करून टाका. एक-दोन वॅट जास्त जातील, जाऊ द्या.

पोर्टची चिप

बोर्डाच्या माहितीपत्रकात प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि नेटवर्क चिपचं नाव खाली बारीक. तुम्ही उलट्या क्रमाने वाचा.

रिअलटेक ८१११ लिनक्सवर ठीक चालते. फ्रीबीएसडीच्या मूळ ड्रायव्हरवर तिची तक्रार ठरलेली: दिवसभर बरी असते, मोठा अपलोड सुरू झाला की पोर्ट गप्प होतो, लॉगमध्ये 'वॉचडॉग टाइमआउट' येतं आणि केबल काढून घातली की पुन्हा जिवंत. ओपीएनसेन्समध्ये त्यासाठी रिअलटेकच्या स्वतःच्या ड्रायव्हरचं प्लगइन मिळतं, ते टाकून रीस्टार्ट केल्यावर बऱ्याच जणांचा त्रास जातो. तरीही अशी चिप बाहेरच्या बाजूला ठेवू नका.

इंटेलमध्येही डोळे झाकून काही घ्यायचं नाही. गिगाबिटमध्ये आय२१०, आय२११ आणि आय३५० या जुन्या, मुरलेल्या चिप. २.५ गिगाबिटमध्ये आय२२५-व्ही च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन पॅकेटांमधल्या अंतराचा दोष होता, २.५ च्या वेगाला काही स्विचबरोबर पॅकेट गळायची. बी३ आवृत्तीपासून तो गेला. नव्या बोर्डांवर आय२२६-व्ही असते, तीच घ्या. तिची लिंक अधूनमधून सेकंदभर पडून पुन्हा येत असेल तर बायोसमध्ये एएसपीएम बंद करा. पीसीआय-एक्सप्रेसची वीज वाचवणारी ही सोय राउटरवर नकोच.

तुमच्या जुन्या बोर्डाला पीसीआय-एक्सप्रेसचा x१ स्लॉट असेल. त्यात आय२१०-टी१ हे एक पोर्टचं कार्ड थेट बसतं. आय३५०-टी२ हे दोन पोर्टचं कार्ड x४ लांबीचं असतं. स्लॉटचं मागचं टोक बंद असेल तर ते बसणार नाही. बसलं तर मात्र चालतं, कारण दुसऱ्या पिढीच्या एका लेनमधून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात आणि दोन गिगाबिट पोर्टना तेवढं पुरून उरतं. आय३५० ची बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत, एवढं लक्षात असू द्या. जोडणी अशी: इंटेल कार्ड बाहेरच्या लाइनला, बोर्डावरचा रिअलटेक घरच्या स्विचला. यूएसबीचा नेटवर्क अडॅप्टर अडचणीला एक दिवस ठीक, कायमचा नको.

जुना सर्व्हर-छाप बोर्ड हाती येत असेल तर आणखी एक सावधगिरी. ॲटम सी२००० मालिकेच्या सुरुवातीच्या चिपमध्ये घड्याळाचा सिग्नल देणारा भाग काळाने झिजतो आणि एक दिवस बोर्ड चालूच होत नाही. २०१७ मध्ये हे उघड झालं, सी० आवृत्तीत दुरुस्त झालं. आवृत्ती कळत नसेल तर स्वस्त म्हणून घेऊ नका. पीसी इंजिन्सचे एपीयू२ बोर्ड अजून कित्येक ठिकाणी निमूट चालू आहेत, पण कंपनीने तो व्यवसाय बंद केला, आणि पीपीपीओईवर फ्रीबीएसडी टाकून गिगाबिट गाठणं त्यांना जमत नाही.

चार पोर्टच्या बोर्डाबद्दल एक गैरसमज नेहमीचा: चारही पोर्ट ब्रिज करून त्यांचा स्विच करायचा. करू नका. स्विचच्या चिपने फुकटात केलेलं काम तुम्ही प्रोसेसरवर टाकता आणि वर नियमांचा गुंता होतो. एक पोर्ट बाहेर, एक आत स्विचकडे, आणि शेवटचा पोर्ट आणीबाणीसाठी वेगळा: त्याला १९२.१६८.९९.१ असा स्वतंत्र पत्ता द्या, व्हीएलॅन (एकाच तारेवरची वेगवेगळी जाळी) नको, दुसरं काही नको. व्हीएलॅनचा प्रयोग फसून स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल तेव्हा लॅपटॉप इथे लावून आत शिरता येतं.

वीज आणि उष्णता

हा राउटर वर्षाचे ८,७६० तास चालतो. सतत जळणारा एक वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट. एन१०० चा नीट बसवलेला बोर्ड साधारण १० वॅटच्या आसपास राहतो. जुना बोर्ड, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) आणि फिरणारी हार्डडिस्क मिळून सहज २५ च्या वर जातो. त्यातला मोठा वाटा बोर्डाचा नसतो, ४०० वॅटच्या पॉवर सप्लायचा असतो: इतक्या कमी भाराला त्याची कार्यक्षमता फार घसरते. १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि पिको-पीएसयू हा छोटा पॉवर सप्लाय लावा, हार्डडिस्कच्या जागी १६ ते ३२ जीबीची साधी साटा एसएसडी लावा, फरक मीटरवर लगेच दिसेल.

अडॅप्टरच्या पिनकडे मात्र नीट बघा. बाहेरचा व्यास ५.५ मिमी सगळीकडे सारखाच, पण आतलं भोक २.१ मिमीचं किंवा २.५ मिमीचं असतं. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर चढतच नाही, म्हणून तिथे चूक कळते. उलट बाजू घातक. २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर छान बसल्यासारखा वाटतो, बोर्ड चालूही होतो. फक्त आत स्पर्श सैल असतो. भार वाढला किंवा टेबलाला धक्का लागला की मशीन रीस्टार्ट. मग माणूस रॅम बदलतो, सिस्टीम पुन्हा टाकतो आणि दोष प्लगमध्ये बसून हसत असतो. प्लग घातल्यावर बोटाने हलकेच हलवून बघा. खडखड वाटली तर योग्य प्लग लावा. अडॅप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा घेतला तर सुरू होतानाच्या झटक्यालाही पुरतो.

पंखा नसलेल्या डबीत प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून वरच्या झाकणात जाते. बऱ्याच तयार डब्यांत हा ठोकळा नीट टेकलेलाच नसतो. झाकण एकदा उघडून पेस्टचा ठसा बघा: मधोमध पातळ, सलग ठसा हवा. एका कोपऱ्यात ढीग आणि बाकी कोरडं असेल तर पुसून पुन्हा लावा, स्क्रू कर्णाच्या क्रमाने आवळा. एन१०० सहा वॅटचा म्हणतात, पण थोड्या वेळासाठी तो त्याच्या कितीतरी पट वीज ओढू शकतो. बायोसमध्ये पॉवर लिमिट १० वॅटच्या आसपास बांधली तर राउटरच्या कामात काही कमी पडत नाही आणि डबी तापत नाही. एनव्हीएमई एसएसडी अशा डबीत विनाकारण तापते. राउटरच्या डिस्कला वेग लागतोच कुठे?

पेनड्राइव्हवर सिस्टीम चालवायची कल्पना सोडून द्या. लॉग सतत लिहिले जातात आणि काही महिन्यांत पेनड्राइव्ह वाचण्यापुरता उरतो किंवा तेवढाही उरत नाही.

बायोस आणि ते छोटं सेल

सिस्टीम टाकण्याआधी बायोसमध्ये चार गोष्टी. वीज गेल्यावर परत आली की आपोआप चालू व्हावं म्हणून 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय 'पॉवर ऑन' वर. सिक्युअर बूट बंद, कारण फ्रीबीएसडीवरच्या सिस्टीम त्यावर उठत नाहीत. आवाजाची चिप, वायफाय, लागत नसलेले सिरियल पोर्ट बंद. आणि घड्याळ बरोबर.

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते म्हणून तिथेच थोडं थांबतो. जुन्या बोर्डावरचं सीआर२०३२ सेल संपलेलं असतं. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. राउटर उठतो, नावावरून आयपी पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर अनबाउंड सुरू होतो, डीएनएसएसईसी तपासणीत उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची तारीख बघतो. त्याच्या लेखी त्या सह्या भविष्यातल्या. म्हणून तो सगळी उत्तरं नाकारतो. घड्याळ सुधारायला एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर गाठायला हवा, पण त्याचं नाव सोडवणार कोण? डीएनएस. म्हणजे घड्याळ चुकलं म्हणून डीएनएस नाही, आणि डीएनएस नाही म्हणून घड्याळ सुधारत नाही. लाइन चालू, पिंग आकड्याने जातो, नावाने काहीच उघडत नाही. उपाय सेल बदलणं. सोबत एनटीपीच्या यादीत एक सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने लिहून ठेवा, म्हणजे पुढचं सेल संपेल तेव्हाही ही कोंडी होणार नाही.

सिस्टीम कोणती

एन१०० वर ओपीएनसेन्स घ्या. वंशावळ सांगायची तर २००३ च्या मोनोवॉलपासून २००४ मध्ये पीएफसेन्स फुटलं आणि पीएफसेन्सपासून २०१५ च्या जानेवारीत ओपीएनसेन्स. त्यामुळे एक येत असेल तर दुसरं परकं वाटत नाही. जे१९०० वर ओपनडब्ल्यूआरटी. त्याची एक्स८६ ची (पीसी-छाप प्रोसेसरची) तयार प्रतिमा (इमेज फाइल) टाकल्यावर डिस्कचं मुख्य विभाजन (पार्टिशन) जेमतेम १०० एमबीचं असतं, डिस्क कितीही मोठी असो. पॅकेज टाकताना जागा संपली की लोक बुचकळ्यात पडतात; सुरुवातीलाच विभाजन वाढवून घ्या.

रॅम ४ जीबी पुरते. पीएफमध्ये (फ्रीबीएसडीवरच्या या सिस्टीमांच्या फायरवॉलमध्ये) एका जोडणीच्या नोंदीला साधारण १ केबी लागतो आणि पीएफसेन्स मूळ मांडणीत रॅमचा दहावा हिस्सा त्यासाठी धरतं, म्हणजे ४ जीबीत चार लाख नोंदी. तुमच्या घरात टॉरेंट चालू असतानाही काही हजारांच्या वर जाणार नाहीत. ८ जीबी लागते ती सुरिकाटासारखी घुसखोरीची तपासणी चालवायची असेल तर. आणि घरी ती चालवू नका असं माझं स्पष्ट मत. आजचा बहुतेक ट्रॅफिक टीएलएसमध्ये (कूटलेखनात) बंद, सुरिकाटाला आतलं दिसत नाही, वेग मात्र घसरतो आणि खोट्या इशाऱ्यांचा ढीग लागतो. नाकापेक्षा मोती जड.

राउटर व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून उरलेल्या कोअरवर आणखी चार सेवा चालवण्याचा मोहही आवरा. होस्ट रीस्टार्ट केला की घरभर इंटरनेट बंद, आणि दुरुस्तीची माहिती शोधायची असते ती नेमकी इंटरनेटवर.

प्रतिमा उतरवल्यावर शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) ताडून बघा, मग पेनड्राइव्हवर लिहा. ओपीएनसेन्सच्या पेनड्राइव्हवरून बसवायच्या प्रतिमा दोन तऱ्हेच्या: व्हीजीए आणि सिरियल. स्क्रीन लावून सिरियलची प्रतिमा चालवली तर पडदा काळाच राहतो आणि बोर्ड मेला असं वाटतं. स्क्रीन असेल तर व्हीजीए. नसेल तर सिरियल, नल-मोडेम केबल आणि १,१५,२०० चा वेग. डिस्कवर झेडएफएस ही फाइल-पद्धत निवडा, अचानक वीज गेल्यावर ती यूएफएसपेक्षा कमी रडते आणि अपडेटआधी स्नॅपशॉट घेता येतो.

पोर्ट नेमून देताना कन्सोलवर केबल काढून-घालून ओळख पटवण्याची सोय आहे, ती वापरा. डबीवर छापलेला क्रम आणि सिस्टीमला दिसणारा क्रम जुळेलच असं नाही. ओळख पटली की प्रत्येक पोर्टवर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

आता पहिल्या घासाला लागणारा खडा. ओपीएनसेन्स आतल्या बाजूला १९२.१६८.१.१ घेतं आणि लाइनवाल्याचं मोडेमही बहुधा तोच पत्ता धरून बसलेलं असतं. दोन्ही बाजूंना एकच जाळं दिसलं की राउटर पॅकेट पुढे पाठवतच नाही. आतलं जाळं वेगळं घ्या, १९२.१६८.३७.० सारखं अनवट. पुढे बाहेरून व्हीपीएनने घरी येताना, समोरच्या जागेचं जाळंही १९२.१६८.१ असलं तरी अडणार नाही.

सगळं एकदम बदलू नका. आठवडाभर नवा राउटर जुन्याच्या मागे लावा, त्याची बाहेरची केबल जुन्याच्या एका लॅन पोर्टात. नॅट दुहेरी होईल, होऊ द्या. नियम आणि वायफाय या काळात मनासारखे बसवता येतात आणि घरचे बोलत नाहीत. मग मोडेम ब्रिज करून घ्या, म्हणजे लॉगिन नवा राउटर करेल आणि मोडेम पॅकेट नुसती पुढे देईल. त्याआधी पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीएलॅन क्रमांक लिहून घ्या; फायबरच्या पेटीला टॅग लागत असेल आणि तो दिला नाही तर लॉगिनची विनंती पलीकडे पोचतच नाही. मोडेमवर घरचा फोन असेल तर ब्रिज केल्यावर तो बंद पडू शकतो, आधी विचारा. काही ठिकाणी पलीकडचं यंत्र जुन्या राउटरचा मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक) धरून ठेवतं. मोडेम पाच-दहा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर जुना मॅक नव्यावर लिहा.

पीपीपीओईची ८ बाइटची पुडी एमटीयूतून (पॅकेटच्या कमाल लांबीतून) वजा होते: १५०० चे १४९२. एमएसएस (पॅकेटमधल्या माहितीची कमाल लांबी) १४५२ वर बांधा, आयपीव्ही६ ला १४३२. हे राहिलं की लक्षणं फसवी असतात: पिंग जातो, काही साइट धडाधड उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, बँकेचं लॉगिन फिरत राहतं. तपासायला तुकडे न करण्याच्या पर्यायासह १४६४ बाइटचा पिंग पाठवा. तो गेला आणि १४७२ अडला तर एमटीयू १४९२ च आहे.

नियम

वायफाय राउटरवरून देऊ नका, फ्रीबीएसडीवर तर मुळीच नको. व्हीएलॅन समजणारा वेगळा ॲक्सेस पॉइंट घ्या आणि आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच. तीन जाळी, व्हीएलॅन क्रमांकाने: १० घरच्यांसाठी, २० कॅमेरे-टीव्ही-दिव्यांसाठी, ३० पाहुण्यांसाठी. स्विचवर राउटरचा आणि ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट टॅग्ड (पॅकेटवर व्हीएलॅन क्रमांक लावून), कॅमेऱ्याचा पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड, आणि त्याच पोर्टचा पीव्हीआयडीही (टॅग नसलेल्या पॅकेटला मिळणारा व्हीएलॅन क्रमांक) २०. अर्धे लोक हा पीव्हीआयडी १ वर विसरतात. कॅमेऱ्याला पत्ताच मिळाला नाही तर टॅग वाटेत कुठेतरी गळतोय. भलत्या जाळ्यातला पत्ता मिळाला तर पीव्हीआयडी बघा.

नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला की बाकीचे बघितले जात नाहीत, आणि नियम पॅकेट ज्या बाजूने राउटरमध्ये शिरतं त्या बाजूला लिहायचा. २० क्रमांकाच्या जाळ्यावर या क्रमाने:

१. राउटरच्या पत्त्यावर डीएनएस (५३) आणि एनटीपी (१२३) ला परवानगी.
२. 'धिस फायरवॉल' कडे (राउटरच्या स्वतःच्या सगळ्या पत्त्यांकडे) जाणारं बाकी सगळं बंद.
३. खासगी पत्ते, म्हणजे १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६, बंद.
४. उरलेलं बाहेर जाऊ द्या.

दुसरा नियम बहुतेकांचा राहतो. खासगी पत्ते बंद केले म्हणजे राउटरचं पान बंद झालं असं वाटतं, पण राउटरला बाहेरचा सार्वजनिक पत्ताही आहे आणि कॅमेरा आतून त्या पत्त्यावर गेला की लॉगिनचं पान त्याच्यापुढे उघडं. तिसऱ्यातली फट आयपीव्ही६ ची: तिथे घरच्या लॅपटॉपला सार्वजनिक पत्ता असतो, खासगी पत्त्यांच्या यादीत तो येतच नाही. म्हणून तिसऱ्या नियमासोबत '१० च्या जाळ्याकडे, आयपीव्ही६' हाही बंद करा. आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे आपसातले निरोप) मात्र सरसकट बंद करू नका, त्याच्यावाचून आयपीव्ही६ चालतच नाही.

नियम बदलल्यावर कॅमेरा अजून लॅपटॉपला गाठतोय असं दिसलं तर नियम चुकला असं लगेच समजू नका. आधीची जोडणी तक्त्यात जिवंत असते आणि जुन्या नियमाने चालू राहते. त्या पत्त्याच्या नोंदी पुसा, मग तपासा.

कॅमेरे बाहेरून बघायला पोर्ट उघडू नका, यूपीएनपी (यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंदच ठेवा. वायरगार्ड लावा, यूडीपी ५१८२०. त्याआधी राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता बघा: तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (लाइनवाल्याने अनेक घरांत मिळून वापरलेल्या पत्त्याच्या) मागे आहात आणि आयपीव्ही४ वर बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. मग आयपीव्ही६ वरून या किंवा लाइनवाल्याकडून सार्वजनिक पत्ता घ्या. हँडशेक होतो पण काहीच जात नाही, असं झालं तर दोष जवळजवळ नेहमी 'अलाउड आयपीज' मध्ये (व्हीपीएनमधून जाऊ द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) किंवा वायरगार्डच्या बाजूला परवानगीचा नियम नसण्यात असतो.

लाइन भरली की व्हिडिओ कॉल अडखळतो, त्यावर वेग वाढवणं हा उपाय नाही. अपलोड चालू ठेवून पिंग बघा. १० मिलिसेकंदांचे २०० झाले तर मोडेमच्या बफरमध्ये रांग साचते आहे. रांग आवरायला ओपीएनसेन्समध्ये शेपरला (वेगाला मर्यादा घालणाऱ्या भागाला) एफक्यू-कोडेल ही पद्धत, ओपनडब्ल्यूआरटीवर केक. मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर, डाउनलोडला वेगळी, अपलोडला वेगळी. रांग आपल्या राउटरमध्ये आली की तिच्यावर आपला ताबा. मोजलेल्या वेगापेक्षा मर्यादा जास्त ठेवली तर सगळा खटाटोप वाया, कारण रांग पुन्हा मोडेममध्येच साचते.

वेगाची चाचणी राउटरवर चालवू नका. आयपर्फ हे वेग मोजायचं साधन स्वतःच प्रोसेसर खातं आणि आकडा कमी दाखवतं. एक मशीन बाहेरच्या बाजूला, एक आत, मध्ये राउटर. गिगाबिटवर टीसीपीचे ९४० एमबीपीएसच्या आसपास आले की पोर्ट आणि केबल ठीक.

शेवटी मांडणीची एक्सएमएल फाइल उतरवून लॅपटॉपवर ठेवा, पासवर्डने बंद करून, कारण तिच्यात वायरगार्डच्या किल्ल्या आणि पीपीपीओईचा पासवर्ड असतो. प्रत्येक मोठ्या बदलाआधी पुन्हा उतरवा. राउटर गेल्यावर आठवण येणं म्हणजे वरातीमागून घोडं. जुना राउटर टाकून देऊ नका. त्याच्यात पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आणि व्हीएलॅन भरून तो खणात ठेवा, वर चिठ्ठी चिकटवा: कोणती केबल कोणत्या पोर्टात. तुम्ही घरी नसाल तेव्हा घरातलं कोणीही ती दोन केबल बदलून इंटरनेट परत आणू शकेल.